हनी म्हणजे नाही

अमेरिकेतली बाई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी आली, ती ही नव्हे. ही ट्रॉय नावाच्या गावात, ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात पत्ते नोंदवते. साठीची, चष्म्याला साखळी, बोलणं नाकातून. नकार द्यायचा असला की आधी ‘हनी’ म्हणते. आणि पत्ता नोंदवल्याशिवाय लायसन्स नाही, लायसन्सशिवाय ट्रॉयमध्ये माणूस म्हणजे काकांच्या गाडीतलं पार्सल.

पहिल्या खेपेला मी फॉर्मवर सवयीने ‘इंडियन ग्रोसरीच्या मागे’ लिहिलं. आमच्या गावात खूण नसली की पोस्टमन रुसतो.

“हनी, तू घरात राहतोस की दुकानाच्या मागे?”

दुसऱ्या खेपेला, “हनी, या वीजबिलावर तुझं नाव कुठंय?”

नाव कुठून येणार? मी राहतो ते बेसमेंट काकांचं, बिलही काकांचंच.

तिसऱ्या खेपेला बँकेचं पत्र आणि पासपोर्ट नेला. तिने मुकाट पत्ता नोंदवला. मी गड जिंकल्यासारखा बाहेर आलो. काका गाडीत थांबलेच होते. मी खिडकीशी उभा राहून, नाक दाबून तिची नक्कल सुरू केली, “हनी, तू घरात राहतोस की...”

काका हसेनात. माझ्या मागे बघत होते.

मागे ती. बर्फात, कोटाशिवाय, हातात माझा पासपोर्ट. आत व्हिसा, म्हणजे माझी अख्खी अमेरिका. काउंटरवरच विसरलो होतो.

“हनी,” ती धापा टाकत म्हणाली, “माझं नाक इतकं चोंदलेलं नाहीये.”

“आधी नाक सोड, गाढवा,” काका ओरडले, “आणि थँक्यू म्हण!”