फ्लॅशची सैल वायर

काकू गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकच फोटो सापडला, पस्तीस वर्षांपूर्वी शिंदखेड्यात काका वारले त्या दिवशीचा. त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून प्रेत खुर्चीत बसवून फोटोग्राफर बोलावला होता. शेजारी काकू, कपाळावर शेवटचं कुंकू. फ्लॅशची वायर सैल झाली होती. तो बटण दाबायचा, उजेड पडायचा नाही, आणि काकूला पुन्हा डोळे पुसायला सांगायचे. शेवटी प्रेत न्यायला उशीर होतोय म्हणून तिची सासू वैतागली. "ऱ्हाऊ द्या आते, उशीर व्हई ऱ्हायना," म्हणत तिने कुंकू पुसायला हात घातला. नेमका तेव्हाच फ्लॅश पडला.

परवा जळगावच्या स्टुडिओवाल्याने फोटो न्याहाळला. "कपाळावरचा हा हात काढून टाकतो," तो म्हणाला. "खाली कुंकू ठेवू, की नको?"