माझ्या जबड्याची वर्गणी

डॉक्टर म्हणाले, "एकावर एक तीन बोटं धरा आणि तोंडात घालून दाखवा." माझी दीडच गेली. सवयीनं म्हणालो, बाकीची उधार ठेवा. नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आठ दिवसांनी बायोप्सीचा कागद आला. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा इवलासा तुकडा काढून तपासणं. कागदावर लिहिलं होतं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर.

मी झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. दिवाळीनंतर आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, जत्रेसारखी, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पोस्टरवर माझा फोटो नायकापेक्षा मोठा असायचा. सासऱ्यापासून लपवून खर्रा घोटणारा जावई, हा माझा गाजलेला प्रवेश. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. स्टेजवर माझ्या तोंडात खराखुरा खर्रा असायचा. नाटक सुटलं की लोक आत येऊन आपल्या खिशातली पुडी माझ्या हातावर ठेवायचे. एवढ्या प्रेमानं दिलेलं नाकारायचं कसं? वीस वर्षं मी कुणाला नाही म्हटलं नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी वर्षभर मला तिखट सोसत नव्हतं. गालात आतून पांढरा चट्टा होता. वडा तोंडात मावेना, तर मी वडे मोठे झाले म्हणून बायकोशी भांडलो. तुमचं असं होत असेल तर भाजीला नावं ठेवू नका. आरशासमोर उभे राहा.

विमा नव्हता. एजंट दोनदा घरी आला होता. त्याच्या बोलण्याची नक्कल मी तिसऱ्या अंकात घातली, त्यावर टाळ्या घेतल्या आणि फॉर्म भरला नाही. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट झालं असतं, पण नंबर दोन महिन्यांनंतरचा होता. "दोन महिने थांबलात तर जीभ वाचणार नाही," असं डॉक्टर म्हणाले. म्हणून नागपूरचा खासगी दवाखाना. तिथला खर्चाचा आकडा ऐकून सुमन, माझी बायको, बाकावर बसली ती उठेचना.

आमच्या कंपनीचे मालक सुधाकरभाऊ. त्यांनी मोबाइलवर मदतीचं आवाहन टाकलं आणि सोबत त्या खर्ऱ्याच्या प्रवेशाचीच क्लिप लावली. लोक मला तिच्यावरूनच ओळखतात, हा त्यांचा सरळ हिशेब. पहिल्या दिवशी खाली नुसती हसरी तोंडं उमटली. एकानं विचारलं, "नवीन नाटकाची ॲड हाय का भाऊ?"

मग सुमननं माझा दवाखान्यातला फोटो टाकायला लावला. सुजलेला गाल आणि नाकातून पोटात गेलेली राइल्स ट्यूब, म्हणजे पातळ अन्न पोटात सोडायची नळी. तेव्हा लोकांना खरं वाटलं. मदत यायला लागली आणि तिच्या पाठोपाठ शिव्याही. खर्रा खाताना आमाले इचारलं होतं काय, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं जुन्या फोटोतल्या माझ्या अंगठ्या मोजल्या. त्या कंपनीच्या पेटीतल्या, पितळेच्या. सुमन प्रत्येकाला उत्तर द्यायला निघाली होती. माझं तोंड आता बोलण्यापुरतंही उघडत नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं, नको. अंगठ्यांचं खोटं होतं, खर्ऱ्याचं खरंच होतं.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी लाखनीजवळच्या एका गावातून एका बाईनं लिहिलं. मुलीच्या मोबाइलवरून असावं. "माया मालकाले बी हाच आजार होता. तो दरसाल तुमचं नाटक पाहायले जाये आन् जवळचा खर्रा तुमाले देये. त्याच्यासाठी कोनी वर्गणी नाई केली."

मी तो हात आठवून पाहिला. इतके हात होते की एकही आठवला नाही. मला मनापासून लाज वाटली. आलेले पैसे परत करा, मी सरकारी दवाखान्यातला नंबर येईपर्यंत थांबतो, असं लिहून कागद सुमनपुढे धरला. तिनं तो फाडला.

"लाज मंग वाटू द्या," ती म्हणाली. "पयले जगा."

दुसऱ्या दिवशी त्याच गावातून एक्कावन्न रुपये आले. सोबत लिहिलं होतं: देवराव दिघोरे यांच्याकडून बक्षीस.

ऑपरेशन नऊ तास चाललं. उजवा जबडा आणि जिभेची एक बाजू काढली. छातीवरचं कातडं आणि मांस फिरवून गालात बसवलं. त्याला फ्लॅप म्हणतात. मग तीस वेळा रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक. थुंकी आटली, चव गेली. दवाखान्याच्या बाकांवर सगळे माझ्यासारखेच गप्प बसलेले असायचे. ज्यांनी मदत केली, त्यांच्यामुळे मी आज आहे. त्यांच्या पाया पडतो. पण जो वाचला तो नट नव्हता. मी बोलतो ते आता फक्त सुमनला कळतं, तेही अर्धं.

घरी आल्यावर सुमननं त्या बाईंना, गिरजाबाईंना, फोन केला. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, तलावात मासे धरायचे. जाऊन तीन वर्षं झाली होती. पैसे परत देऊ का, असं सुमननं विचारलं. "वापस नोको," त्या म्हणाल्या. "बक्षीस देल्लं तर माईकवर नाव घ्या लागते. त्याईचं नाव घ्या एकडाव."

खरंच आहे. बक्षीस देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारायचं, हा आमच्याकडचा नेमच आहे.

त्यांच्या गावच्या मंडईला भरदुपारी सुधाकरभाऊंनी मला स्टेजवर चढवलं. मी माईक धरला आणि म्हणालो, देवराव दिघोरे. बाहेर काय पडलं ते माझं मलाच ऐकवेना. पुढच्या रांगा हसल्या. मला पाहिलं की हसायची सवय मीच लावलेली. पुन्हा म्हणालो, हसू कमी झालं. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाही, पण नाव कुणाला कळलं नाही.

तेव्हा बायकांतून गिरजाबाई उठल्या. त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. फोनवरसुद्धा त्यांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "देवराव दिघोरे म्हून राहिले ते. माया मालक होता."

मी हात जोडले. रडलोही, लपवत नाही.

खाली उतरलो तर एका तरण्या माणसानं गर्दीतून हात पुढे केला. हातावर पुडी होती. "खाऊ नोका भाऊ, पन ठेवा," तो म्हणाला. "माया बाप बी तुमाले देत जाये."

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हटलं. मग माझी तीन बोटं एकावर एक धरून त्याला दाखवली आणि त्याच्या तोंडाकडे खूण केली. त्याला वाटलं, मी गंमत करतोय. आजूबाजूचे हसू लागले, तोही हसला आणि त्यानं स्वतःची बोटं तोंडात घालून पाहिली.

दोनच गेली. तो अजून हसतच होता.