दमडी म्हणायची चोरी

आमच्या ह्यांचं नाव एका नाण्यावरून ठेवलेलं. ह्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मले तसे सासूबाईंनी ह्यांना दारावर येणाऱ्या कासारणीला विकून टाकलं आणि आला तो भाव, तेच नाव ठेवलं. इतक्या स्वस्त मालाला यम कशाला हात लावतोय, असा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. हे जगले, आणि वर एका सराफाच्या पेढीवर नाणी पारखायला बसले. अख्खी पेठ हसायची ते वेगळंच.

हसू दे मेली. फास माझ्या गळ्याला होता. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे आम्हाला बाळकडूतच पाजलेलं. मंगळागौरीला उखाण्यात घेतलं तर कौतुक, आणि कोथिंबीर घेताना घेतलं तर पाप! सांगा, बाजार कसा करायचा माणसाने? शनवारवाड्यापुढच्या बाजारात मी म्हणायची, "कवडीच्या वरचं जे नाणं, त्याची कोथिंबीर दे." भाजीवाली महाबिलंदर. "अगं बाई, दमडी म्हण की! दमडी! दमडी!" (हे तिचे शब्द हं, मला पाप नाही.) एवढं ओरडून जुडी मात्र सुकलेलीच द्यायची.

एकदा मी ह्यांना विचारलं, "तुमच्या ह्या नावाचा मूळपुरुष तरी कोण?" सुपारी कातरत हे म्हणाले, "दाम. बादशाही तांबं. त्याचं शेंडेफळ म्हणजे मी." शेजारचे शास्त्रीबुवा ओट्यावरून ऐकत होतेच. "छे छे! दाम म्हणजे द्रम्म. सगळं संस्कृतातून." कवडीसुद्धा त्यांच्या मते कपर्दातून, म्हणजे शंकराच्या जटेतून निघालेली. मी म्हटलं, "बुवा, कवडी समुद्रातून निघते आणि बैलाच्या पाठीवरून घाट चढून येते." छदामाचंही तसंच. मुळात सहा दाम, नाव केवढं भारदस्त, आणि आता भिकाऱ्याच्या हातावर ठेवलात तर तो तुमचीच कीव करतो. शिवराई तेवढी मानाची, तिच्यावर थोरल्या महाराजांचं नाव. ढब्बू पैशाला ढब्बू का म्हणतात ते विचारायला मात्र शास्त्री नको, नुसता हातात घेऊन बघा. बुवा रागावून आत गेले.

असे हसण्याचे दिवस होते. मग माझीही पोरं जाऊ लागली. दोन अशीच गेली. तिसऱ्याला मी कवडीला विकलं, तेवढा शब्द मला उच्चारता येत होता. तेही गेलं.

चौथ्या वेळी सासूबाईंनी बजावलं, "कवडीत काय दम? माझा लेक ज्या भावाने जगला, तोच भाव लाव." आणि रीत अशी की भाव आईनेच सांगायचा, मोठ्याने, चार बायकांत. दुसरीने सांगितला तर विक्री खोटी. पोर माझ्या मांडीवर होतं, चिमणीएवढं, धड पीतही नव्हतं. भाव सांगावा तर नवरा जायचा, न सांगावा तर पोर. ही रीत ज्याने काढली त्या मेल्याचं तळपट होवो, असं मी सासूबाईंच्या देखत म्हणाले.

दाराआडून ह्यांचा आवाज आला, "खुशाल घे नाव. मी पुष्कळ जगलो."

"तुम्ही गप्प बसा! तुम्हाला कुणी विचारलंय?" मी ओरडले.

विकत घ्यायला घाण्यावरची तेलीण आली होती. तिची सहाही पोरं जिवंत, म्हणून तिला बोलावलेलं. तिने पदर पसरला आणि विचारलं, "काय घेशील, बाई?" सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी डोळे मिटले. नाव घ्यायला जी एक वाट आम्हाला मोकळी आहे, ती मी धरली. उखाणा घेतला:

"मोहर नको, रुपया नको, नको शिवराई,
दमडी दे नि लेक ने, पण जगव गं बाई!"

एरवी उखाण्याला बायका हसतात, टाळ्या देतात. त्या दिवशी सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "उखाण्यात घेतलंय. चालतं." तेलिणीने नाणं माझ्या हातावर ठेवलं, पोर पदरात घेतलं, आणि परत माझ्या मांडीवर देत म्हणाली, "माझं पोर आहे हं आता. नीट पाज."

दोघंही जगले. पोर मोठं झालं की तेच नाणं देऊन परत विकत घ्यायचं असतं. सासूबाई मागे लागल्या, पण माझा धीर होईना. चाललंय ते चालू दे, राहू दे तिचाच, म्हटलं. संक्रांतीचा तीळगूळ तो आधी घाण्यावर देऊन यायचा, मग मला. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण जिवंत लेकाच्या हातचा तीळगूळ होता तो.

तेलीण गेली तेव्हा तिच्या सहा लेकांबरोबर माझाही लेक मुठेकाठी डोई मुंडून आला. शास्त्रीबुवा ओट्यावर थयथयाट करत होते, "अहो, आईबाप घरात धडधाकट, आणि हा सुतक कुणाचं धरतो?"

मी दारात जाऊन लेकाला जवळ घेतलं. "त्याची आई गेलीय, बुवा," मी म्हटलं. "आत जा तुम्ही."