चंदनाक्काची भुतं

राजारामपुरीत पारस मगदूमच्या बेकरीची नानकटाई खाल्ली नाही असा माणूस सापडणं अवघड. ती नानकटाई करणाऱ्या बाईला पाहिलेला माणूस सापडणं मात्र त्याहून अवघड होतं. ती पारसची थोरली बहीण, चंदना. घरचे आणि भट्टीवरचे कामगार तिला अक्का म्हणत.

मगदूम मूळचे पेठ वडगावचे. वडील तात्यासाहेब यांचं तिथं शेंगा-गुळाचं दुकान होतं. चंदनानं नुकती विशी ओलांडली होती तेव्हा जयसिंगपूरच्या एका घरात तिचं लग्न ठरलं, साखरपुडाही झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी तिनं स्वयंपाकघरात चहासाठी काडी ओढली आणि गळून साठलेल्या गॅसनं भडका घेतला. जीव वाचला. पण डावा गाल, कान आणि मान भाजली ती भाजलीच. कातडी आवळून गेली, डाव्या डोळ्याची पापणी पुरती मिटेना. होणारी सासू दवाखान्यात एकदा येऊन गेली. पलंगाच्या पायथ्याशी जरा वेळ उभी राहिली, नशिबाला बोल लावला आणि गेली. पुढच्या आठवड्यात मध्यस्थ अंगठी परत मागायला आला.

घरात बसून राहण्यापेक्षा हाताला काम हवं, म्हणून चंदना बेकरीचं काम शिकली. जैनाचं घर, अंडं चालत नाही. तेव्हा दह्यावर आणि दुधावर फुगणारा केक जमेपर्यंत तिनं किती मैदा वाया घालवला ते तिलाच माहीत. पुढं धाकट्या पारसनं कोल्हापुरात बेकरी काढली ती तिच्या हाताच्या भरवशावर. दुकान उघडलं त्या दिवशी तो म्हणाला, "अक्का, तू आतलं बघ. भाईरचं मी बघतो."

तिला ती कामाची वाटणी वाटली. मग एकदा काउंटरवरचा माणूस आला नव्हता, म्हणून ती खारीचा ट्रे घेऊन पुढं निघाली. पारसनं दारातच तो तिच्या हातातून घेतला. हसून घेतला, पण अंगानं दार अडवून घेतला. दुकानात गिऱ्हाईक होतं. ती मागं फिरली आणि त्यानंतर पुढच्या दारानं कधी गेली नाही. आत-बाहेरच्या भिंतीला ट्रे द्यायची एक खिडकी होती. तिथं पारसनं पडदा लावून घेतला. वीसेक वर्षं अशी गेली. पारसचं लग्न झालं त्या मांडवातही चंदना खांबाच्या आडोशाला बसली होती. गालावरून पदर ओढून घेण्याची सवय इतकी अंगात मुरली होती, की भट्टीसमोर एकटी असतानाही तिचा हात आपोआप पदराकडं जायचा.

पारसची बायको प्राची इचलकरंजीची, हुशार आणि धडपडी. एका वर्षी दिवाळी लवकर आली. फराळाच्या ऑर्डरी संपल्या, दुकान ओस पडलं आणि पोरांना तर सुट्टीच होती. प्राचीला कल्पना सुचली. परदेशात ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सण असतो, तो हल्ली इथल्या शाळांतही साजरा होऊ लागला होता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मुलांना भुतांची बिस्किटं शिकवायची आणि शेवटच्या शनिवारी आईबापांना बोलावून मोठा कार्यक्रम करायचा, असं तिनं ठरवलं. शिकवणार ती स्वतः. पीठ मळून द्यायचं आणि ट्रे भाजून द्यायचे अक्कांनी, नेहमीसारखं आतच राहून.

पहिल्याच दिवशी ही व्यवस्था मोडली. आदिती नावाची तिसरीतली एक मुलगी आपल्या ट्रेच्या मागोमाग खाली भट्टीपाशी आली. तिला कोळ्याचं बिस्किट भाजताना बघायचं होतं. चंदनानं पदर ओढायच्या आत तिनं तोंड बघितलं.

"तुमच्या गालाला काय झालंय?"

"भाजलाय."

"बिस्किटासारखा?"

"व्हय. जरा जास्तच भाजला."

"दुखतंय?"

"आता न्हाय."

आदितीनं मान हलवली आणि भट्टीच्या काचेकडं डोळे लावून उभी राहिली. थोड्या वेळानं तिला शोधत आणखी दोघंजण आले, मग बाकीचे. प्राची वरून हाका मारत राहिली. पोरांना भट्टी सोडवेना. शेवटी तीच खाली आली आणि म्हणाली, "अक्का, हे तुमचंच ऐकतात. तुम्हीच घ्या वर्ग."

पुढचे दिवस चंदनाच्या आयुष्यातले फार चांगले गेले, असं ती आजही सांगते. पोरं पिठाची वळी करून बोटं बनवायची, टोकाला अर्धा बदाम लावला की नख व्हायचं. बीट जमिनीखालचं, ते जैनाच्या घरात चालत नव्हतं, म्हणून रक्त डाळिंबाच्या रसाचं. दुधाची भुकटी आणि साखर मळून पांढरी भुतं, त्यांना काळ्या मनुकांचे डोळे. कोळ्याच्या पायांना काय लावावं यावर वाद झाला, तेव्हा कुणीतरी डब्यातली शेव काढली. ती खारट लागते म्हणून अर्धी पोरं ओरडली आणि उरलेल्यांनी त्यासाठीच जास्त खाल्ली. आदर्श नावाचा एक मुलगा भुताला घाबरायचा, त्याला ते साखरेचंसुद्धा हातात धरवेना. चंदना त्याला म्हणाली, "पहिल्यांदा डोस्कं खा. डोस्कं गेल्यावर ते काय करतंय?" त्यानं डोळे मिटून डोकं खाल्लं आणि मग दुसरं मागितलं.

काम करता करता ती त्यांना वडगावच्या पडक्या विहिरीतल्या हडळीच्या गोष्टी सांगायची. एकदा गोष्ट रंगात आली असताना आदिती म्हणाली, "मावशी, तुमचा पदर पिठात पडतोय." चंदनानं पदर कमरेला खोचला. दुपारभर तो तसाच राहिला. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की दिवसभर आपण गाल झाकलाच नाही.

शेवटच्या शनिवारी त्या विहिरीचाच मोठा केक करायचा ठरला. चॉकलेटची विहीर, काठावर बिस्किटांचे दगड आणि आतून डोकावणारी हडळ. त्याआधी दोन-तीन दिवस पोरांनी काळ्या कार्डपेपरची चेटकिणीची उंच टोपी करून, चंदेरी तारे चिकटवून चंदनाला दिली. तिनं ती घातली. पोरं टाळ्या वाजवत होती. प्राचीनं मोबाईल काढला.

"हसा की अक्का."

चंदना हसली. हसली की तिचं तोंड एका बाजूलाच वर जायचं, डावी बाजू जागची हलायची नाही. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिचा फोटो काढत होतं. 'मला पण पाठव,' असं तिनं प्राचीला सांगितलं.

फोटो मोबाईलवर आला नाही. शुक्रवारी सकाळी मंदिरातून परत येताना ती दुकानावरून गेली, तेव्हा तिथं लावलेल्या फ्लेक्सवर तो दिसला. पुरुषभर उंचीचा. गालाचा रंग हिरवट केलेला, न मिटणारा डोळा लाल केलेला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कोल्हापुरात प्रथमच. खऱ्याखुऱ्या चेटकिणीला भेटा.' आणि खाली: 'मेकअप नाही, मुखवटा नाही.'

समोरचा चहावाला हातातलं काम सोडून बघत होता. "अक्का म्हणत्यात त्या तुम्हीच व्हय? एवढी वर्षं समोर हाय मी, पण कधी दिसला न्हाईसा."

"मीच," चंदना म्हणाली आणि पुढच्या दारानं दुकानात शिरली.

पारस गल्ल्यापाशी उदबत्ती लावत होता. प्राची बरण्या पुसत होती. अक्का पुढच्या दारानं आली म्हटल्यावर दोघंही थांबली.

"अक्का, टोपी तुम्हीच घातलीत," प्राची घाईनं म्हणाली. "मुलांना तुम्ही किती आवडता. म्हटलं, तोच फोटो टाकावा."

"टोपीचं न्हाय म्हणत मी. मेकअप न्हाय, मुखवटा न्हाय, हे कुणी लिवलं?"

प्राचीनं नवऱ्याकडं बघितलं. पारसनं काडी विझवली.

"मी लिवलं," तो म्हणाला. "जाहिरात हाय अक्का ती. सगळं मनाला लावून घ्यायचं नसतं. आपल्या माणसाला आपण चेष्टेनं म्हणतो की."

"मग भाईर ट्रे द्यायला का येऊ देत न्हवतास? त्या वेळी पण चेष्टाच चालली हुती?"

पारसनं उदबत्ती गल्ल्याला खोचली. तो म्हणाला, "उद्या पोरं येणार, त्यांचे आईबाप येणार. सगळ्यांस्नी सांगून बसलोय. एका दिवसाचं तर हाय."

पोरं येणार हे खरं होतं. विहिरीच्या केकचा शब्द तिनंच त्यांना दिला होता. ती म्हणाली, "पोरांसाठी येतो मी. टोपी घालणार न्हाय."

शनिवारी दुकानाबाहेर गाड्या लावायला जागा उरली नाही. पारसनं टेबल काउंटरलगत मांडलं होतं आणि चंदनाची खुर्ची त्याच्यामागं. ज्या जागी तिला कधी उभं राहू दिलं नव्हतं, नेमकी तीच जागा. पोरं आली ती सरळ केकला भिडली. आदर्श हडळीला वाकुल्या दाखवत होता. तोपर्यंत ठीक होतं. मग मोठी माणसं पुढं आली. एकानं न विचारता शेजारी उभं राहून सेल्फी काढला. दुसरा म्हणाला, "जरा रागानं बघा की." एक बाई कडेवरचं दोन वर्षांचं मूल घेऊन आली आणि त्याला चंदनाच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "बघ, म्हटलं होतं ना? जेवला नाहीस की ही येते." मूल किंचाळून आईच्या खांद्यात घुसलं. सगळे हसले. चंदना हात पुढं करून त्याला काहीतरी सांगू गेली, तसं ते अजूनच रडायला लागलं.

आदिती टेबलाच्या कडेला उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "मावशी चेटकीण नाहीयेत. त्या भाजल्यात."

आदितीच्या आईनं, कॉलेजात शिकवणाऱ्या एका सभ्य बाईनं, तिचा दंड धरला. "असं बोलू नये, बाळा," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल."

आदिती गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. ती चंदनाकडं बघत राहिली, आणि मग डोळे खाली घातले. चंदना म्हणते, फ्लेक्स बघितला तेव्हा राग आला होता. पण पोरीनं मान खाली घातली तेव्हा आतलं काहीतरी तुटलं.

तिनं केक कापला. हडळीचं डोकं आदर्शला दिलं, बाकीच्यांना हातानं एकेक तुकडा दिला. हात धुतले. मग केकची सुरी घेऊन ती बाहेर गेली आणि स्टुलावर चढून फ्लेक्सवरचा आपला चेहरा चौकोनी कापून काढला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. पारस दारात येऊन म्हणाला, "अक्का, लोकं बघत्यात."

"बघू देत की," ती म्हणाली. "बघायलाच बोलवलंयस न्हवं?"

तो तुकडा तिनं घडी घालून पिशवीत टाकला आणि संध्याकाळच्या एस.टी.नं वडगाव गाठलं.

पारस वडगावला आला तो बऱ्याच दिवसांनी आला. तोवर नानकटाईची चव बदलली म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं होतं. ओसरीवर बसून तो तात्यासाहेबांशीच बोलला. "अक्काला सांगा, दुकान तिचंच हाय. गिऱ्हाईक विचारतंय." चुकलं, असं तो म्हणाला नाही. तात्यासाहेब आता थकले आहेत. ते लेकीला म्हणाले, "भाऊ हाय. सोडून दे."

"तात्या, तुम्ही दुकानाच्या पूजेला आला हुता," चंदना म्हणाली. "ती पडद्याची खिडकी बघितली हुती तुम्ही. एका शब्दानं विचारलं असतं तर?"

चंदनानं चहा करून दोघांना दिला आणि आत निघून गेली. पारस चहा पिऊन परतला. पुन्हा काही आला नाही.

बेकरी बुडाली नाही. माणसं नव्या चवीला सरावली. पुढच्या वर्षी प्राचीनं पुण्याहून एक मुलगी आणली, तिला मेकअप करून चेटकीण केलं. गर्दी पहिल्या वर्षीपेक्षा जास्त झाली. आदितीही गेली होती. तिला खूप मजा आली, असं तिची आई सांगते.

चंदना वडगावात घरच्या ओट्यावर नानकटाई आणि खारी विकते. गालावर पदर घेत नाही. काहीजण बघतात आणि घेतात, काहीजण बघून पुढं जातात. विक्री बेताचीच आहे. गावच्या शाळेतल्या एक बाई मध्यंतरी विचारायला आल्या होत्या, नाताळच्या सुट्टीत मुलांना बिस्किटं शिकवाल का म्हणून. चंदनानं त्यांना बसवलं, नानकटाई दिली आणि नाही म्हणून सांगितलं.

"पोरांचा त्रास होईल म्हणून का?" बाईंनी विचारलं.

"पोरांचा कशाला हुतोय," चंदना म्हणाली. "त्यांस्नी न्यायला माणसं येत्यात की."