धुळ्याच्या दवाखान्यात भेटलेली शेजारीण

जळगावात मनाचा डॉक्टर नव्हता असं नाही. पण त्याच्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिलं असतं तर आमच्या मेहरूण भागात बोभाटा व्हायला वेळ लागला नसता, म्हणून नवऱ्याने मला धुळ्याला न्यायचं ठरवलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धाकटी बालवाडीत जायला लागली होती, घरात कशाची ददात नव्हती, आणि मला एका जागी बसवत नव्हतं. भाजी अर्धी चिरून उठायचे, कपडे भिजवून विसरायचे, ओट्यापासून दारापर्यंत नुसत्या फेऱ्या. रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी दृष्ट काढली. फैजपूरहून आई आली. म्हणाली, "मन कशात तरी गुंतव." गुंतत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

सुरुवातीला नवरा सोबत यायचा. एकदा त्याला रजा मिळाली नाही, मी एकटीच गेले. बाकावर टेकवेना म्हणून व्हरांड्यात येरझारा घालत होते. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीचा पडदा सरला आणि आमच्या गल्लीतली पिठाच्या गिरणीवाली अक्का बाहेर आली. गिरणीच्या घरघरीच्या वर जिचं हसणं ऐकू यायचं, ती. मला बघताच तिने पदर कपाळावर ओढला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

माझा नंबर लागून मी स्टँडवर पोचले तर जळगावच्या गाडीत ती आधीच बसलेली. मी दाराशीच दांडा धरून उभी राहिले. कंडक्टर वैतागला. "ओ ताई, जागा असताना वाटेत काय उभ्या?" जागा एकच होती, तिच्या शेजारी.

पारोळ्यापर्यंत मी तिकिटाची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग ती खिडकीबाहेर बघतच तिच्या अहिराणीत म्हणाली, "घरमा सांगस, बहीणकडे जास म्हणीसन."

"मी सासूबाईंना दाढ दुखते म्हणून सांगते," मी म्हटलं.

तिला हसू फुटलं, पण लगेच थांबलं. "तुले काय व्हस?"

इतक्या जणांनी विचारलं होतं, पण उत्तर देता येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी सांगत सुटले. हातपाय थाऱ्यावर राहत नाहीत, मुलगी गळ्यात पडली तरी आत काही हलत नाही, सकाळ नकोशी वाटते. "माले बी," ती मधूनमधून म्हणत होती. "माले बी तसंच." एरंडोल मागे पडलं तरी आम्ही बोलत होतो. मी बसून होते, हे उतरताना लक्षात आलं.

त्यानंतर गिरणी बंद असण्याच्या वेळेला, दुपारी, ती दारात येऊ लागली. "चप्पल घाल," एवढंच म्हणायची. आम्ही मेहरूणच्या तलावाच्या काठाने बोरांच्या झाडांपर्यंत जायचो. मी भरभर, ती धापा टाकत मागे. उपदेश तिने कधी केला नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, जेवणाची चव जाते, असलंच बोलणं. पण परत आले की मी एखादी पोळी तरी लाटू शकायचे. धुळ्याला आता दोघी मिळून जात होतो. तिची बहीण आणि माझी दाढ, दोन्ही एकाच दिवशी निघायची, तरी घरात कुणी काही विचारलं नाही.

मग ती येईनाशी झाली. मी वाट पाहिली, चिडले, आणि शेवटी स्वतःच चप्पल घालून गेले. ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस विंचरलेले नव्हते.

"कसाले उनी तू?" ती खेकसली. "जाय घर."

माझे पाय निघायलाच बघत होते. आजारी माणसाजवळ बसणं मला तेव्हा सर्वांत अवघड होतं. म्हटलं, "अक्का, मला बसवत नाहीये. पण मी जात नाही."

मी त्या खोलीत इकडून तिकडे चालत राहिले. ट्रंकेला ठेच लागली, तशी ती चिडून म्हणाली, "डोकं फिरवी टाकं मन्हं." आणि उठून बसली. तेल मागितलं. मी तिचे केस विंचरले. गुंता फार झाला होता.

ती लगेच बरी झाली नाही. मीही नाही. मी रोज जात राहिले. एक दिवस तिच्या नवऱ्याने मला दारात गाठून विचारलं, "वहिनी, हिले काय व्हयेल शे?" मी अक्काकडे पाहिलं. तिने मानेनेच हो म्हटलं तेव्हाच मी दवाखान्याचं सांगितलं. पुढच्या खेपेला तोही धुळ्याला आला. गाडीत आमच्या पुढच्या बाकावर अवघडून बसला आणि पारोळ्याला तिघांसाठी चहा घेऊन आला.

मला तो आजार नंतरही दोनदा गाठून गेला. दोन्ही वेळा मी आधी अक्काला सांगितलं, मग घरात.