नसल्याचा दाखला

जेवायला बसलं की सपनाच्या उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ फुगायची आणि जेवण आटोपलं की हळूहळू ओसरायची. वर्षभर तिनं ती पदराआड झाकली. शेवटी कामरगावच्या डॉक्टरनं सांगितलं, लाळेच्या ग्रंथीत खडा अडकलाय, अकोल्याला जा. तिला हसूच आलं. मुतखडा ऐकला होता, लाळेतला खडा नवीनच.

सपना माहेरची जऊळक्याकडची, बारावी झालेली. मास्तरीण व्हायचं होतं. लग्न झालं आणि ती कामरगावपासून आत पडणाऱ्या एका लहान गावात आली. नवरा अनुप कारंज्याच्या एका व्यापाऱ्याची मालवाहू गाडी चालवतो. विहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. शाळेत मात्र ती पोचली, चुलीपाशी का होईना. आठ वर्षांपूर्वी गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायला दोघींना घेतलं, तिला आणि विजयमालाला. विजयमाला मोठ्या आळीतल्या शेतकरी घरातली, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी.

पहिल्या वर्षी मोठ्या आळीतली बरीच पोरं घरून डबे आणायची. का, ते कुणी बोललं नाही आणि सपनानं विचारलं नाही. तिनं फक्त जिरं-लसणाची फोडणी करपू दिली नाही, तांदळात खडा राहू दिला नाही. दुसऱ्या वर्षी निम्मे डबे बंद झाले, तिसऱ्या वर्षी सगळेच. कुणाच्या भाषणानं झालं नव्हतं ते काम, खिचडीच्या वासानं झालं होतं. सपनाला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो हा.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात ग्रंथी काढायचं ठरलं तेव्हा साधना मॅडम नावाच्या तरुण डॉक्टर खाटेपाशी येऊन बसल्या. काढलेली ग्रंथी आम्ही टाकूनच देतो, म्हणाल्या, पण तुमची हरकत नसेल तर तपासायला ठेवू. प्रायॉन नावाचं एक प्रथिन असतं. धडधाकट माणसाच्या कुठल्या ग्रंथीत, कुठल्या अवयवात ते किती असतं, याचा आम्ही अभ्यास करतोय. सपनाला बारावीचं जीवशास्त्र आठवलं. कुणीतरी तिला इतकं नीट समजावून विचारत होतं, याचंच तिला अप्रूप वाटलं.

"घ्या न मॅडम. माह्या गाठीचा कोनाले उपयोग होत असन तं होऊ द्या," म्हणत तिनं सही केली.

चार महिन्यांनी आभाराचं पत्र आलं, सोबत इंग्रजीतला एक कागद. तिनं तो ऑपरेशनच्या फायलीत लावला. पुढं उपचाराच्या सरकारी योजनेसाठी त्या फायलीच्या झेरॉक्स काढायला ती कामरगावला ऋषिकेशच्या ऑनलाइन सेंटरवर गेली. ऋषिकेश गावचाच, शाळा समितीचे अध्यक्ष रामकिसनभाऊ यांचा मुलगा. झेरॉक्स काढता काढता तो थबकला.

"वैनी, हे प्रायॉन काय असते वं?"

"असते म्हने सगळ्याइच्या अंगात."

त्यानं मोबाइलवर तो शब्द टाकला. 'मॅड काऊ' रोगानं झोकांड्या खात चालणारी एक गाय दिसली, मग चाळणीसारखा भोकं पडलेला मेंदू. ऋषिकेशनं फाइल तिच्या हातात दिली नाही, काउंटरवर ठेवून पुढं सरकवली.

ती जीपनं घरी पोचायच्या आत कागदाचा फोटो गावाच्या ग्रुपवर पोचला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत सात डबे आले. तिसऱ्या दिवशी एकोणीस. पातेल्यात खिचडी उरली, ती सपनानं खरवडून गाईपुढं टाकली तर कुणीतरी भिंतीपलीकडून ओरडलं, "अवं, तिले तरी जगू दे!" आणि हशा पिकला.

"विजयमालाबाई, काय म्हनून राह्यले लोक?" तिनं तांदूळ निवडताना विचारलं.

विजयमालानं मान वर केली नाही. "मले काय इचारतं? म्हनते का हा रोग गाईचं मास खाल्ल्यानं होते. अन् तुही तं लाळेचीच गाठ होती. तू चव पाह्यतं न रोज."

चव पाहावीच लागायची, वाढण्याआधी चाखायचा नियमच होता. सपना पळीतला थेंब तळहातावर घ्यायची, आठ वर्षांत पळी कधी ओठाला लावली नव्हती. हे विजयमालाला ठाऊक होतं. आठ वर्षं दोघी एकाच पातेल्यातलं उरलेलं जेवत होत्या.

तिच्या आठवणीत घरी ते मांस कधी शिजलं नव्हतं. हे ओरडून सांगावं असं सपनाच्या ओठांवर आलं आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचाच संताप आला. शिजलं असतं तर काय? आजोबांच्या आजोबांना गावानं मेलेली ढोरं ओढायला लावली आणि तीच खायला लावली, त्याचा जाब आता तिनं का द्यावा?

शाळा समितीनं तिच्याकडे अंगात ते प्रायॉन नसल्याचा दाखला मागितला. तिनं साधना मॅडमना फोन लावला.

"सपनाताई, ते माझ्याही अंगात आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या अध्यक्षांच्याही. लाळेच्या ग्रंथीत, पोटात, मेंदूत तर भरपूर. ते बिघडलं तर आजार होतो, आणि तो वर्षाला दहा लाखांत एखाद्याला. दूध नासू शकतं म्हणून काय दुधाला विष म्हणायचं?"

"ते मले समजलं मॅडम. तुमी फकस्त लिहून द्या का माह्या अंगात ते नाई. समितीले तसा दाखला पाह्यजे."



"असा दाखला कुणालाच मिळू शकत नाही हो. मी खोटं कसं लिहू? तुम्ही निरोगी आहात असं लिहून देते."

पत्र बुधवारी आलं. शिक्का, सही, स्वच्छ मराठी. सपनानं ते तीनदा वाचलं. तिची मुलगी साक्षी सहावीत, त्याच शाळेत. दोन दिवसांपासून पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. "आई, माझं काही चुकलं का?" असं तिनं रात्री विचारलं होतं. पोरीला कुठून सांगायला सुरुवात करावी, हेच सपनाला उमगत नव्हतं. आता हे पत्र होतं. उद्या सगळं मिटेल, ती म्हणाली.

गुरुवारी समिती बसली. रामकिसनभाऊंनी पत्र हेडमास्तरांकडून मोठ्यानं वाचून घेतलं. "सौ. सपना यांच्या ग्रंथीत आढळलेले प्रथिन प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात असते. त्यांना कोणताही आजार नाही."

"थांबा मास्तर," रामकिसनभाऊ म्हणाले. "आढळलेले. म्हंजे आढळलं न? डॉक्टरनंच लिहून देल्लं."

"भाऊ, तुमच्याबी अंगात आहे ते," सपना म्हणाली.

"आमचं कोनी तपासलं?"

सगळे हसले. हेडमास्तरही, जरासे.

"मंग तपासा. अध्यक्षापासून सुरू करा. ज्याच्या अंगात नाई निंघलं, त्याच्या हातानं शिजवा. मी त्याचे पाय धुतो."

"बाई, कायले भांडून राह्यली?" रामकिसनभाऊंचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाचीच तिला जास्त भीती वाटली. "तुले काढतं कोन? नाव राहीन तुहं. भांडे घास, आंगन झाड. शिजवनं तेवढं विजयमाला पाहीन. लोकाइचं मन असते, समजून घे."

लोकांचं मन! तिनं उष्टी भांडी घासलेली त्या मनाला चालत होती.

हेडमास्तरांनी ठरावाची वही पुढं केली. लिहिलं होतं, 'सौ. सपना यांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वयंपाकाचे काम स्वखुशीने सोडले आहे.' खाली सह्या झालेल्या. त्यात विजयमालाची एक, मोठाल्या अक्षरांत. आणि ठरावावरची तारीख सोमवारची होती. पत्र यायच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे पत्राची कुणी वाटच पाहिली नव्हती. दाखला मागितला होता तो न मिळण्यासाठीच.

तिनं दाराशी उभ्या विजयमालाकडे पाहिलं. विजयमाला म्हणाली, "मले दोन सुना हायत वं घरात, आळीतच राहा लागते. मी काय करू?"

"काई नको करू," सपना म्हणाली. पेन तिनं वहीवर आडवं ठेवलं. "सही करत नाई. अन् भांडेबी घासत नाई."

"तुह्या सहीवाचून ठराव अडत नाई," रामकिसनभाऊ म्हणाले. खरंच होतं ते.

ती बाहेर आली तेव्हा मधली सुट्टी झाली होती. पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. साक्षीच्या पुढची मुलगी एक पाऊल पुढं सरकून उभी होती, मागचीनंही तेवढंच अंतर सोडलेलं. साक्षी रांग सोडून धावत आली.

"आई, आज तू नाही वाढत? मग मी घरी येऊ जेवायला?"

सपनाच्या तोंडात 'चल' आलं होतं. घरी सकाळची भाकर होती. पण पोर एकदा रांगेतून निघाली की तिची जागा कुणी राखून ठेवणार नव्हतं.

"नाई. जाय, रांगेत उभी राह्य. पोटभर खाय. सरकारची खिचडी हाय, कोनाच्या बापाची नाई."

"मला कुणी जवळ बसू देत नाही."

"मंग मधात बस. एकटी बस, पन मधात बस."

साक्षी गेली. तोवर तिच्या जागेवर दुसरं पोर उभं राहिलं होतं. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. सपना फाटकाबाहेरच्या दगडावर बसली आणि पोरगी जेवून उठेपर्यंत तिच्यावरची नजर तिनं हलवली नाही.