मंदाताईंचं पाखरू

चहाचं आधण ठेवलं होतं आणि रोह्याहून पाटीलवहिनींचा, म्हणजे मंदाताईंच्या शेजारणीचा फोन आला. "सुनंदावहिनी, मंदाताई गेल्या हो… झोपेतच गेल्या." मी गॅस बंद केला. पलीकडे पाटीलवहिनी हुंदके देत होत्या. मग मध्येच हुंदका आवरून त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "आणि टेबलावर ते बॅटरी चार्ज करायचं यंत्र लुकलुकतंय. बंद करू का? फुटणार नाही ना?" डोळ्यांतून पाणी वाहत असताना मला हसू फुटलं. मंदाताई असत्या तर त्या माझ्याहून मोठ्यांदा हसल्या असत्या.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मंदाताई माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, त्याबद्दल कुणी विचारलं तर "वेळ नाय मिळाला" एवढंच सांगायच्या. सगळी नोकरी रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला हेडफोन लावून आयुष्य काढल्यामुळे असेल, पण कान भलताच तिखट. आमच्या पेणच्या घरी यायच्या, पंख्याखाली बसायच्या आणि पाणी पिण्याआधी म्हणायच्या, "सुनंदा, याचं बेअरिंग जायला आलंय गो." महिन्याभरात पंखा बंद पडायचा. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, गुडघ्यांवर औषधं करतात. मंदाताईंनी काय करावं, याची आम्हाला काळजी होती. त्यांना नव्हती.

निवृत्तीनंतरच्या दिवाळीत त्या पेणला आमच्याकडे आल्या आणि साफसफाईत माळ्यावरून एक खोकं निघालं. आमचा मुलगा निखिल बंगळूरला नोकरीला जाताना टाकून गेलेलं क्वाडकॉप्टर, म्हणजे छोटं ड्रोन, त्यात होतं. तळहातापेक्षा थोडं मोठं, पोटाशी छोटा कॅमेरा, चार बाजूंना चार मोटारी, त्यावर पंख्यांची पाती; एक भुजा मोडलेली, वायरी लोंबत होत्या. मी ते भंगारात टाकणार होते. मंदाताईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे मेलंय की झोपलंय?" मी म्हटलं, "मेलंय." त्या म्हणाल्या, "मग मी नेते." फराळाच्या डब्यांबरोबर ते पाखरू रोह्याला गेलं, सोबत निखिलचा जुना लॅपटॉपही.

पुढचे काही महिने निखिलला आईचे कमी आणि आत्याचे जास्त फोन जाऊ लागले. भुजा बदलली, वायरी सोल्डर केल्या, दोनदा बोटं भाजली. पहिल्या उड्डाणाला मी मुद्दाम रोह्याला गेले. गच्चीवर पाखरू ठेवलं, मंदाताईंनी पदर खोचला, रिमोटची कांडी पुढे केली आणि त्या पाखराने जागच्या जागी कोलांटी उडी मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा कोलांटी. पाटीलवहिनी तर पोट धरून खालीच बसल्या. मग मंदाताईंना उलगडा झाला. चारांतली दोन पाती एका दिशेने फिरतात, दोन उलट दिशेने, आणि त्यांनी डावी-उजवीची अदलाबदल केली होती. पाती बदलली. पाखरू सरळ वर गेलं, थरथरलं आणि शेजारच्या आंब्यात जाऊन बसलं. "उडालं!" मंदाताई ओरडल्या. ते झाडात अडकलंय याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

ती थरथर मात्र त्यांनी मनावर घेतली. ते दुरुस्त करणं म्हणजे काय, हे त्यांनी मला कांदेपोहे खाता खाता समजावलं होतं. "ते कलंडलं की आपण होऊन सावरतं. पण सावरायची घाई फार झाली की दुसऱ्या बाजूला कलंडतं, मग परत इकडे… म्हणून थरथरतं. आळस केला तरी डुलतं. त्याची घाई बेताची ठेवायची, एवढंच काम." मग लॅपटॉपवर एक आकडा जरा कमी करायच्या, गच्चीवर जाऊन उडवायच्या, डोळे मिटून ऐकायच्या, खाली येऊन पुन्हा जरा वाढवायच्या. एक पातं जड वाटलं तर समोरच्या पात्याला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायच्या. आवाज एकसारखा झाला की त्यांचा चेहरा असा फुलायचा, की समोरच्यालाही आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटावं.

एकदा त्या पाखरू घेऊन पेणला राहायला आल्या होत्या. सकाळी न्याहारीच्या वेळी आमच्याकडे दूध घालणाऱ्या हिराबाईचा खाडीकाठच्या कासू गावाहून फोन आला. रडतच होती. "वहिनी, म्हस गेली ओ खाजणात. दिवस भरलेत तिचं. पहाटेपासून हुडकतोय, नाय गावत. आज अमावास्या हाय, उधाणाचं पाणी चढंल…" हिराबाईच्या घरचं सगळं त्या म्हशीवर चालायचं. मी काही सुचवायच्या आत मंदाताई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "रिक्षा बोलाव गो."

बांधावर पोहोचलो तेव्हा हिराबाईचा नवरा आणि दीर मांडीपर्यंत चिखलाने माखून परतले होते. समोर खाजणाच्या खाऱ्या दलदलीत तिवरांची गर्दी आणि पुरुषभर गवत. त्यात म्हैस काय, हत्ती दिसला नसता. मंदाताईंनी पाखरू उडवलं. रिमोटच्या छोट्या पडद्यावर खालचं दिसायचं, पण त्या दिवशी चित्र असं लटपटत होतं, की गवत कुठलं आणि पाणी कुठलं कळेना. हिराबाई पडद्यात डोकावून म्हणाली, "मावशी, माझं डोळं गेलं का काय?" मंदाताईंनी पाखरू खाली उतरवलं. त्यांच्याजवळ आता एकच भरलेली बॅटरी उरली होती आणि पाणी ओहोळातून आत यायला लागलं होतं. हिराबाईच्या नवऱ्याला राहवेना. "ऱ्हाऊ द्या मावशी, आमी जातो परत."

"जरा थांब रे," मंदाताई म्हणाल्या, आणि बांधावर मांडी घालून बसल्या. एकेक मोटार बोटाने फिरवून कानाजवळ धरली. तिसरीला थांबल्या. "ही घासतेय." चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पातं काढलं, केसांतली पिन काढली आणि मोटारीच्या दांड्याभोवती गुंडाळलेला एक लांब पांढरा केस हळूच ओढून काढला. त्यांचाच! तो केस वाऱ्यावर धरून त्या म्हणाल्या, "बघ, माझंच पिकलेपण आड येतंय." तेवढ्या घोरातही हिराबाई फिसकन हसली.

दुसऱ्यांदा पाखरू गेलं ते सुतासारखं सरळ. पडद्यावर तिवरं सरकत होती, चिखल, बगळे, चमकतं पाणी… आणि मग एका उंचवट्यावर काळा ठिपका. मंदाताईंनी पाखरू खाली घेतलं. म्हैस उभी होती, आणि तिच्या पायांशी आणखी एक छोटा काळा ठिपका धडपडत होता. "व्याली!" हिराबाई किंचाळली. "व्याली ओ माझी बाय!" चारी बाजूंनी पाणी चढत होतं आणि पारडाला सोडून म्हैस जागची हलणार नव्हती. दोघं भाऊ धावले. मंदाताई पाखरू त्यांच्या डोक्यावर धरून वाट दाखवत होत्या, "डावीकडे, अजून डावीकडे, उजवीकडे खोल हाय!" असं मोठ्याने ओरडत. रिमोट बॅटरी संपत आल्याची पिपाणी वाजवत होता. त्यांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही. पाखरू परत येता येता बांधाच्या अलीकडे चिखलात पडलं, ते आम्हाला नंतर आठवलं. कारण तेव्हा हिराबाईचा दीर खांद्यावर पारडी घेऊन गवतातून बाहेर येत होता, मागून हंबरत म्हैस, आणि बांधावर आम्ही तिघी एकमेकींना मिठ्या मारत नाचत होतो. हिराबाई पाया पडायला वाकली. मंदाताईंनी तिला वर उचललं. "पाया काय पडतेस गो, खरवस पाठव." तिने खरवस पाठवला, आणि पारडीचं नाव मंदी ठेवलं. हे ऐकून मंदाताई दोन दिवस भेटेल त्याला सांगत होत्या.

मागच्या रविवारी निखिल आला होता. आम्ही मायलेक रोह्याला खोली आवरायला गेलो. टेबलावर पाखरू होतं, स्वच्छ पुसलेलं, सगळी पाती जागच्या जागी. निखिलने ते हातात घेऊन एकेक पातं बोटाने फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "आई, चल गच्चीवर." वर गेल्यावर त्याने रिमोट माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होते. "हळूच पुढे कर," तो म्हणाला. मी कांडी पुढे केली. ते उठलं आणि माझ्या डोळ्यांसमोर येऊन हवेत स्थिर उभं राहिलं. जराही थरथर नाही. त्याचा वारा माझ्या चेहऱ्यावर येत होता.

"आई, श्वास घे," निखिल म्हणाला.

एवढ्यात खाली दारं धडाधड उघडली. मी कठड्यावरून पाहिलं, तर आळीतल्या बायका पळत बाहेर येऊन दोऱ्यांवरचे कपडे ओढून घेत होत्या. साड्या, टॉवेल, चादरी, भराभरा. मंदाताईंच्या पाखराने एकदा दोरीवरची कुणाचीतरी पैठणी पात्यांत गुंडाळून घेतली होती म्हणे, तेव्हापासून त्याचा आवाज आला की ही धावपळ. निम्मे कपडे काखेत घेतल्यावर पाटीलवहिनी मध्येच थबकल्या. त्यांनी हळूच वर पाहिलं.

"कोण उडवतंय?"

"मी!" मी वरून ओरडले.

त्यांनी काखेतले कपडे सावरले. मग डोळे पुसले आणि आळीकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "बायांनो, उरलेलेपण काढा गो!"